परतीची भरती आधी: अर्नाळा बेटावरच्या एका कयाक मुक्कामाचे प्रकरण

जानेवारीतील एका शनिवारी सकाळी आम्ही नऊ जण विरारजवळच्या अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून समोरच्या बेटावर गेलो, तेथे एक रात्र तंबूत काढली आणि रविवारी दुपारी परत आलो. जाताना सात जण कयाकमधून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद होड्यांमधून गेले होते. येताना मात्र एकही जण कयाकमधून आला नाही. पाणी शांत होते, कोणी आजारी नव्हते, कयाक धडधाकट होत्या, आणि तरीही वीस मिनिटे वल्हवण्याच्या अंतरावर असलेला किनारा आम्ही इंजिनच्या होडीने गाठला. हा निर्णय माझा होता. गटातील सर्वांत चांगले वल्हवणाऱ्या सदस्याला तो आजही चुकीचा वाटतो. म्हणून या सहलीचे नियोजन कसे झाले, त्यातली कोणती गोष्ट हातून निसटली आणि त्यामुळे रविवारी सकाळी आमच्यापुढे नेमका कोणता प्रश्न उभा राहिला, हे सविस्तर लिहून ठेवत आहे.

आमचा गट मूळचा डोंगरातला. दादर, मुलुंड आणि बोरिवली या तीन ठिकाणचे हे लोक दहा-बारा वर्षे सह्याद्रीत एकत्र फिरले आहेत, आणि नियोजनाच्या आमच्या सगळ्या सवयी डोंगराने लावलेल्या आहेत. डोंगरात अंतर आणि चढ हे दोन आकडे कळले की दिवसाचा अंदाज बांधता येतो. उशीर झाला तर अंधारात का होईना, उतरता येते. दमलेला माणूस सावलीत बसतो आणि उठल्यावर जिथे बसला होता तिथूनच पुढे निघतो. खाडीच्या तोंडाशी यातले काहीच लागू पडत नाही. तेथे दमून वल्हे मांडीवर ठेवलेला माणूसही प्रवास करतच असतो, फक्त कुठे जायचे ते पाणी ठरवते. ही साधी गोष्ट आमच्या अंगवळणी पडायला तीन महिने लागले आणि नियोजनाचा बहुतेक वेळ त्यातच गेला.

आधी खांदेरी

पहिला प्रस्ताव खांदेरीचा होता. तो कोणालाही मोह पाडील असाच आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या इंग्रजांच्या डोळ्यांदेखत या बेटावर तटबंदी उभारायला घेतली, मराठ्यांच्या लहान आणि चपळ होड्यांनी इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना दाद दिली नाही, आणि शेजारच्या उंदेरीवर पुढच्याच वर्षी सिद्दीने ठाण मांडले. बेटावर वेताळाचे स्थान आहे, त्याला कोळी समाज फार मानतो. १८६७ पासूनचे दीपगृह आहे. जागतिक वारसा यादीत २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या १२ दुर्गांची नोंद झाली, त्यांत खांदेरीही आहे. अशा ठिकाणी वल्ही मारत जावे असे वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु खांदेरी हे खुल्या समुद्रातले बेट आहे आणि ते मुंबई बंदराच्या तोंडाशी आहे. मुंबई आणि न्हावा-शेवा या दोन्ही बंदरांकडे जाणारी जहाजे त्या भागातून ये-जा करतात. मोठ्या जहाजाला वळायला आणि थांबायला फार पाणी लागते, आणि त्याच्या सुकाणूकक्षातून पाहणाऱ्याला पाण्यापासून हातभर उंच असलेली कयाक लाटांमध्ये दिसेलच याची खात्री नसते. शिवाय किनारा खडकाळ आहे, लाट असताना प्लास्टिकची कयाक तेथे लावणे म्हणजे ती खडकावर आपटू देणे. बेटावर मुक्कामासाठी परवानगी घ्यावी लागते, हा भाग वेगळाच. आमच्यापैकी सहा जणांनी समुद्रात कधी वल्हे धरलेले नव्हते, आणि एवढ्या एका कारणावर हा प्रस्ताव मागे घ्यायला हवा होता. तो मागे घ्यायला आम्हाला दोन बैठका लागल्या, कारण इतिहासाचे प्रेम आणि आपली कुवत या दोन गोष्टी आम्ही एकाच तराजूत टाकत होतो.

घारापुरीचा विचार लवकर संपला. तेथे पर्यटकांना रात्री राहू देत नाहीत. गेटवेपासून घारापुरीपर्यंतचे पाणी प्रवासी बोटी, जहाजे आणि नौदलाच्या नौका यांनी इतके भरलेले असते की वल्ह्याच्या होडीने त्यात शिरणे हे मला बेजबाबदारपणाचे वाटते. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच पाण्यात नौदलाची स्पीडबोट नीलकमल या प्रवासी बोटीवर आदळून अनेकांचे प्राण गेले. त्या बोटीला इंजिन होते, चालक होता आणि ती ठरलेल्या मार्गावर होती. शेजारच्या जवाहर द्वीपावर तेलाचे टर्मिनल असल्याने तेथे जाण्याचा प्रश्नच येत नाही.

शेवटी अर्नाळा ठरला. वैतरणा नदी समुद्राला मिळते तेथे, मुखाच्या दक्षिण अंगाला हे बेट आहे. बाजीराव पेशव्यांच्या काळात १७३७ मध्ये ते मराठ्यांकडे आले आणि आजचा किल्ला उभा राहिला. बेटावर कोळ्यांची वस्ती आहे, कालिकामातेचे देऊळ आहे, किनाऱ्यावरून रोज प्रवासी होड्या ये-जा करतात. अंतर एक किलोमीटरच्या आतच आहे. त्यावर आमच्याच एकाने विचारले, एवढ्यासाठी टेम्पोत कयाक घालून विरारपर्यंत जायचे का? हा प्रश्न पुढच्या सगळ्या चर्चेचा गाभा ठरला.

येणार कधी, हा पहिला प्रश्न

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही तिघे अर्नाळ्याला जाऊन आलो. बेटावर एका तांडेलांशी ओळख झाली. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. चाळीसेक वर्षे याच पाण्यात काढलेला हा माणूस. आम्ही उत्साहाने सांगू लागलो की शनिवारी सकाळी निघू, किती जण आहोत, कयाक कशा आहेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "जाताना काय, कुणीही जातो दादा. येणार किती वाजता ते सांगा, मग जायची वेळ मी सांगतो."

आम्ही परतीची वेळ ठरवलीच नव्हती. रविवारी दुपारी जेवून निघू, एवढेच मनात होते.

त्यांच्या प्रश्नामागचे गणित असे. भरतीचे पाणी समुद्राकडून वैतरणेच्या खाडीत शिरते आणि ओहोटीला तेच पाणी, नदीचे पाणी सोबत घेऊन, समुद्राकडे धावते. नवख्या माणसांची जोडकयाक, म्हणजे दोघांनी वल्हवायची कयाक, ताशी तीन किलोमीटरच्या आसपास चालते. खाडीच्या तोंडाशी पाण्याची ओढ तेवढीच धरली, तर वीस मिनिटांच्या प्रवासात ती कयाक एक किलोमीटर बाजूला वाहत जाईल, म्हणजे जेवढे अंतर कापायचे त्याहूनही जास्त. भरतीत असे झाले तर माणूस खाडीच्या आत, जमिनीच्या जवळ जातो. ओहोटीत झाले तर तो अरबी समुद्रात जातो. वाटेत मासेमारीची जाळी असतात, ही आणखी एक गोष्ट. वसई-पालघरच्या किनाऱ्यावर बोंबलासाठी लावली जाणारी डोल जाळी पाण्याच्या ओढीच्या विरुद्ध तोंड करून एका जागी बांधलेली असतात, कारण ओढीबरोबर येणारी मासळी त्यांत शिरावी हाच त्यांचा उद्देश असतो. वाहत आलेली कयाकही त्याच दोरांवर येऊन अडकते, आडवी होते आणि पाण्याच्या दाबाने उलटते. अंतर लहान आहे म्हणून धोका लहान आहे, ही आमची समजूत त्या अर्ध्या तासात गेली.

म्हणून नियम ठरला: दोन्ही वेळा चढत्या पाण्यावरच पार व्हायचे, भरती पूर्ण होण्याआधीच्या दीड तासात. आणि रविवारची ही वेळ आधी पक्की करून मग शनिवार शोधायचा.

तिथी निवडणे

कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब अंदाजापुरता अतिशय उपयोगी आहे, पण तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की तो चुकतो. पंचांगात एक तिथी गळली तरी भरती एका दिवसात दीड तासाने पुढे जात नाही, ती रोज साधारण पन्नास मिनिटांनीच सरकते. त्यामुळे तिथीवरून शनिवार निवडावा आणि प्रत्यक्ष वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून घ्यावी. तक्ता मुंबईचा असतो, अर्नाळ्याचा फरक स्थानिक माणसाला विचारावा.

येथे एक खरी अडचण समोर आली आणि मला वाटते, मुंबईच्या आसपास कयाकने मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येक गटापुढे ती येणार. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास येते. ही वेळ फार सोयीची, उजेड भरपूर, कोणालाही पहाटे उठवावे लागत नाही. पण तेव्हाच उधाण असते, मुंबईत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक चार मीटरच्याही वर जातो आणि ओढ सर्वांत जोरकस असते. उलट अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, फरक दीड-दोन मीटरवर येतो, ओढ सौम्य असते. पण भरती येते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो आणि सव्वासहाला मावळतो, म्हणजे दोन्ही भरत्या अंधाराच्या काठावर. सोयीच्या वेळी पाणी जोरात, आणि पाणी मवाळ असते तेव्हा वेळ गैरसोयीची.

आम्ही मधला मार्ग घेतला: शनिवारी शुद्ध द्वादशी, रविवारी त्रयोदशी. तक्त्याप्रमाणे भरती शनिवारी सकाळी ९:२५ आणि रविवारी १०:०५. उधाण अजून पूर्ण चढलेले नाही, सकाळचा वारा जमिनीकडून वाहणारा मतलई आणि हलका, पश्चिमेचा खारा वारा सुटायला दुपार व्हायची, आणि रात्री जवळजवळ पूर्ण चंद्राचा उजेड. तृतीया-चतुर्थीचा शनिवारही मध्यम पाण्याचा होता, पण त्या दिवशी भरती दुपारी दोन-तीनला येत असल्याने आम्ही नेमके खाऱ्या वाऱ्याच्या तोंडी सापडलो असतो. द्वादशीची किंमत एकच होती, ती म्हणजे पहाटे साडेतीनला घर सोडणे. दोघांनी त्याबद्दल कुरकुर केली. ती मी मनावर घेतली नाही.

भरती पूर्ण व्हायला अर्धाच तास उरला, तर काय करायचे हे किनाऱ्यावर ठरवायचे नाही, हेही याच बैठकीत लिहून ठेवले. रविवारी सकाळी साडेनऊपर्यंत शेवटची कयाक पाण्यात गेलेली नसेल, तर त्या भरतीवर कोणीही वल्हवत जाणार नाही. साडेनऊच का, दहा का नाही, यावर तेव्हा कोणी फारसे विचारले नाही, आणि ते विचारले गेले असते तर पुढचा वाद कदाचित झाला नसता.

पवनेवरची चाचणी

डिसेंबरात आम्ही पवना धरणाच्या पाण्यावर एक दिवस घालवला. हेतू एकच होता: कयाक मुद्दाम उलटवायची आणि पाण्यातून पुन्हा वर चढायचे. आमच्या कयाक वर बसण्याच्या प्रकारच्या होत्या, त्यांत पाणी भरत नाही; पण ओल्या प्लास्टिकवर चढणे ही वेगळीच कसरत आहे. पाय मागे पाण्यात मारत शरीर आडवे तरंगवायचे, पोट कयाकवर टाकायचे, मग कूस बदलून बसायचे. हातांच्या जोरावर वर ओढून घ्यायला गेले की कयाक अंगावर येते.

गटातील ३४ वर्षांचा, नियमित धावणारा एक जण पहिल्या प्रयत्नात पाण्यात उतरला आणि त्याचे लाईफ जॅकेट सर्रकन वर सरकून थेट कानांपर्यंत आले. हनुवटी आत, खांदे वर, दोन्ही हात पसरलेले. त्याला समोरची कयाकसुद्धा दिसत नव्हती. जॅकेटचे बाजूचे पट्टे बोटभर सैल होते आणि मांड्यांमधून घ्यायचा पट्टा त्याने अडचण वाटते म्हणून बांधलाच नव्हता. पट्टे आवळून पुन्हा प्रयत्न केला तेव्हा जुन्या दुखावलेल्या खांद्याने दगा दिला आणि तो वर चढू शकला नाही. याउलट ६२ वर्षांचे आमचे काका दुसऱ्याच प्रयत्नात पोट टाकून वर आले. वय पाहून माणसे निवडली असती तर आम्ही नेमकी उलटी निवड केली असती.

त्या दिवशी दोन जण कयाकच्या यादीतून कमी झाले: खांदा दुखावलेला हा सदस्य, आणि पाण्यात पडल्यावर श्वास आवरता येत नाही हे प्रांजळपणे सांगणारी एक सदस्य. ते दोघे होडीतून येणार होते आणि त्यांच्या वाट्याला मुक्कामाची उभारणी आली. उरलेल्या सात जणांसाठी तीन जोडकयाक आणि एक एकटी कयाक घेतली. नवरा-बायको एका कयाकमध्ये बसवायचे नाहीत आणि दोन चांगली वल्हवणारी माणसे एकत्र ठेवायची नाहीत, असे दोन नियम केले. पहिल्याचे कारण विवाहित वाचकांना सांगायला नको. दुसऱ्याचे कारण असे की प्रत्येक कयाकमध्ये एक तरी माणूस परिस्थिती ओळखणारा हवा. भाड्याने घेतलेल्या जॅकेटांना शिट्ट्या नव्हत्या. त्या आम्ही नऊही जॅकेटांना स्वतः दोरीने बांधल्या.

सोबतीची होडी हा खर्चाचा सर्वांत मोठा भाग होता आणि त्यावरून गटात ओढाताण झाली. दोन्ही दिवस तांडेलांची होडी आमच्याबरोबर असावी आणि रविवारचे पैसे वापर झाला नाही तरी द्यावेत, असा माझा आग्रह होता. माझा मुद्दा सामानापुरताही खरा होता: नऊ माणसांना माणशी रोजचे चार लिटर पाणी धरले तर दीड दिवसाचे ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो होतात, गोड्या पाण्याची चणचण असलेल्या वस्तीवर पाहुण्यांनी रिकाम्या हातांनी जाऊ नये. तंबू, शिधा आणि स्टोव्ह वेगळेच. हे सगळे कयाकवर लादले तर ती उलटल्यावर सरळ करणे नवख्याच्या हातचे काम राहत नाही.

तटाच्या आत, संरक्षित वास्तूत तंबू ठोकायचा विचार आम्ही सुरुवातीलाच सोडला. तांडेलांच्या घरामागची, सुरूच्या झाडांजवळची जागा त्यांच्या आणि ग्रामपंचायतीतील माणसांच्या संमतीने ठरली. अर्नाळा सागरी पोलीस ठाण्यात नावे, फोन क्रमांक आणि येण्या-जाण्याच्या वेळा लेखी दिल्या. हे टाळू नये. २००८ चा हल्ला समुद्रमार्गे झाला, तेव्हापासून किनाऱ्यावरची माणसे अनोळखी होड्यांकडे लक्ष ठेवून असतात, आणि ते योग्यच आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये साठवला, आणि फोन जलरोधक पिशवीत घालून गळ्यात अडकवले.

शनिवार

जाणे ठरल्याप्रमाणे झाले, त्यामुळे त्याबद्दल थोडक्यात लिहितो. सव्वाआठला पाण्यात उतरलो, पाऊणतासाच्या आत सातही जण बेटाच्या वाळूवर होते. पाण्यात बोटे बुडवली तर गार लागत होती. दिवसभर किल्ला पाहिला, आतले अष्टकोनी तळे पाहिले, तटापासून वेगळा उभा असलेला दक्षिणेकडचा बुरूज पाहिला. वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या तोंडात तोंड अडकवून ते जोडीजोडीने कसे टांगतात, हे तांडेलांच्या घरच्या बाईंनी आमच्याकडून करवून घेतले. संध्याकाळी पिठले, भाकरी आणि त्यांनी दिलेले ताजे बोंबील.

कयाक आम्ही सकाळच्या भरतीच्या खुणेच्या वर, सुमारे दहा पावलांवर ओढून ठेवल्या होत्या. अंधार पडण्याच्या सुमारास तांडेल आले, त्यांनी एकवार पाहिले आणि आणखी वीस पावले वर घ्यायला लावल्या. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते. पावसाळ्यात नेमके उलट असते, आणि मुंबईकरांना सवय असते ती पावसाळ्यातल्या दिवसाच्या मोठ्या भरत्यांची. ही गोष्ट मी तक्त्यात पाहिलेली होती. रात्रीचा आकडा सकाळच्या आकड्यापेक्षा ठळकपणे मोठा होता. पाहूनही तिचा अर्थ माझ्या ध्यानात आला नव्हता. जोडकयाक तीस किलोच्या वर भरते, चार माणसे लागतात. आम्ही चारही कयाक वर नेल्या, झाडाला बांधल्या, मी त्या मोजल्या. वल्ही मोजली नाहीत.

रात्री पावणेदहाला चांदण्यात पाणी पाहायला गेलो, तर कयाक आधी जिथे होत्या तिथे घोटाभर पाणी होते.

रविवारची सकाळ

साडेसातला सामान बांधताना सहा वल्ही भरली. आमच्याकडे सात माणसांची सात आणि एक जादा, अशी आठ वल्ही होती. म्हणजे दोन गेली होती आणि एक माणूस वल्ह्याशिवाय होता. ती दोन वल्ही जुन्या जागी, वाळूवरच राहिली असणार आणि रात्रीच्या भरतीने उचलली असणार, हे उघड होते. सर्वजण किनाऱ्याच्या दोन्ही बाजूंना शोधायला गेले. साडेनऊ वाजले तेव्हा शोध चालूच होता. दहा वाजून वीस मिनिटांनी वस्तीतला एक मुलगा दोन्ही वल्ही खांद्यावर टाकून आला. ती दक्षिणेकडच्या खडकांत अडकलेली होती.

त्या क्षणी पाणी जवळजवळ स्थिर होते. भरती पूर्ण होऊन पंधराच मिनिटे झाली होती, समोरचा किनारा लख्ख दिसत होता, वारा नावालाही नव्हता. दोन दिवसांत समुद्र इतका शांत एकदाही दिसला नव्हता.

आमच्यातील तो अनुभवी सदस्य व्यवसायाने अभियंता आहे आणि त्याचा युक्तिवाद कच्चा नव्हता. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने सरकत नाही. पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पुढे पुन्हा दोन आणि एक, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ओहोटीच्या पहिल्या तासात ओढ अगदी थोडी असणार. आपण साडेदहाला निघालो तर अकराला पोहोचू. सोबतीला होडी आहेच. मग साडेनऊची रेघ ही सुरक्षिततेसाठी होती की केवळ रेघ म्हणून? शिवाय सात माणसे ज्या कामासाठी तीन महिने तयारी करत होती, त्यातला अर्धा भाग आपण कागदावरच्या वेळेसाठी सोडून देत आहोत.

मी नाही म्हटले. माझी कारणे तेव्हाही हीच होती आणि आजही हीच आहेत. बाराव्या हिश्श्याचा नियम पाण्याच्या उंचीचा आहे, ओढीचा नाही. नदीच्या मुखाशी पाणी उंचीला स्थिर दिसले तरी ओढ त्याच मिनिटाला पालटते असे नसते, ती आधीही पालटते आणि नंतरही. वाळूवर उभे राहून मधल्या पाण्यात काय चालले आहे ते दिसत नाही. दुसरे असे की दहा वाजून वीस मिनिटांनी वल्ही मिळाली म्हणजे साडेदहाला निघणे होत नाही. सात माणसांचे जॅकेट, पट्टे, कयाक पाण्यापर्यंत उतरवणे यांना शनिवारी पन्नास मिनिटे लागली होती, म्हणजे प्रत्यक्षात सव्वाअकरा. तिसरे कारण मला सर्वांत मोलाचे वाटते. भरतीवर निघालो तर हाताशी असलेला वेळ आपल्या बाजूने काम करतो, कयाक उलटली, पाच-सात मिनिटे गेली, तरी माणूस जमिनीकडे सरकतो. ओहोटीच्या पहिल्या तासात निघालो तर सगळे नीट झाल्यास काहीच बिघडत नाही, पण काही बिघडले तर पुढचे प्रत्येक मिनिट आधीच्या मिनिटापेक्षा वाईट असते. एक होडी एका वेळी एका उलटलेल्या कयाककडे जाऊ शकते. आमच्या चार होत्या.

तांडेलांना विचारले. ते म्हणाले, "मी आहे, आणतो तुम्हाला. पण तुम्ही साडेनऊ म्हणाला होता." त्यांनी त्यापलीकडे काही म्हटले नाही.

थांबून संध्याकाळच्या चढत्या पाण्यावर जाण्याचाही पर्याय होता. ओहोटी सव्वाचारच्या सुमारास संपणार, पुढे पाणी पुरेसे चढायला साडेपाच, आणि सव्वासहाला सूर्यास्त. काही चुकले तर शोधाशोध अंधारात. तोही मी नाकारला. दोन फेऱ्यांत होडीने जायचे ठरले: आधी माणसे, मग कयाक आणि सामान.

एका गोष्टीत मी त्या सदस्याशी सहमत आहे. साडेनऊची रेघ मी कारणासह लिहायला हवी होती. भरतीच्या आधी पस्तीस मिनिटे ही वेळ कुठून आली, त्यात निघण्याचा किती वेळ, पार होण्याचा किती, आणि एक कयाक उलटली तर ती सरळ करण्याचा किती वेळ धरला आहे, हे सर्वांसमोर मांडले असते तर रविवारी माणसे माझ्याशी न भांडता त्या आकड्यांशी भांडली असती, आणि ते भांडण लवकर मिटले असते. वल्ह्यांबद्दल तर वादच नाही. कयाक मोजणाऱ्याने वल्हीही मोजायची असतात आणि ती कयाकला बांधूनच ठेवायची असतात.

पहिली फेरी साडेअकराला किनाऱ्याला लागली. तांडेल कयाक आणायला परत गेले आणि आम्ही वाळूवर बसून राहिलो. ते बेटावरून निघाले तेव्हा पाऊण वाजून गेला होता, खारा वारा सुटला होता, आणि ओहोटीच्या उलट येणाऱ्या त्या वाऱ्याने मधल्या पाण्यावर आखूड, उभ्या लाटा उठल्या होत्या. होडीचे तोंड आमच्याकडे नव्हतेच. ते खाडीच्या दिशेला, आमच्यापासून कितीतरी बाजूला धरलेले होते, आणि तशी तिरकी चालत, इंजिनचा आवाज वाढवत ती आमच्यासमोर येऊन लागली. अभियंता सदस्य उभा राहून ती सगळी वाट पाहत होता. तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. कयाक टेम्पोत चढवल्यावर त्याने एकेक वल्हे हातात घेऊन मोठ्याने मोजले, आठ म्हटले, आणि मग फाळका लावला.